वतन, पलटण, गिरणी : वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील कुटुंबांचा व्यवसाय-इतिहास

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातील नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाण्याचा हा प्रसंग होता. त्याआधी काही वर्षे प्रत्येक घराला एक काम करावे लागले होते. खोलीवरील आपला हक्क सिद्ध करण्यासाठी जुने कागद शोधावे लागले. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली उतरल्या, आणि त्यांतून भाडेपावत्या व शिधापत्रिका यांच्याबरोबर असेही पुष्कळ काही निघाले, की ज्याची पात्रता ठरविणाऱ्या अधिकाऱ्यास काहीच गरज नव्हती : गिरणीचे तिकीट, गोदीतील नोकरीचा दाखला, आजोबांच्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या जमिनीचा एखादा उतारा, क्वचित एखादे पदक. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रकारच्या कागदांविषयी आहे.

आपले पूर्वज कोणते काम करीत होते, असे विचारले की उत्तर तयार असते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांनी आणि जातींची वर्णने करणाऱ्या ग्रंथांनी ते लिहून ठेवले आहे, आणि आपणही ते बहुधा तसेच स्वीकारले आहे. महाराचा धंदा महारकी. जातीचे नाव आणि व्यवसायाचे नाव एकच. परंतु एकाच कुटुंबाचे तीन-चार पिढ्यांचे कागद कालक्रमाने समोर मांडून पाहिले, तर हे उत्तर टिकत नाही. पणजोबा पलटणीत, आजोबा गावी येसकरकीच्या पाळीवर आणि नंतर गिरणीत, वडील गोदीत किंवा रेल्वेत, मुलगा कचेरीत, असा क्रम वरळीच्या चाळींत मुळीच दुर्मिळ नाही. ज्याला परंपरागत व्यवसाय म्हणून दाखविले जाते, तो या क्रमातील एक टप्पा आहे आणि तोही पुष्कळदा मधला टप्पा आहे. या गोष्टीकडे इतिहास-अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही असे आमचे मत आहे.

प्रथम चाळींविषयी थोडेसे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याची योजना होती. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी आणि सोळा हजारांहून अधिक खोल्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी १२१ चाळी एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, नळ आणि शौचालये सामाईक. या बांधकामाच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला होता. म्हणजे ज्या कापसाने कामगारांना मुंबईस आणले, त्याच्याच गाठींवर त्यांची घरे उभी राहिली. आरंभी वरळीच्या चाळींना भाडेकरूच मिळत नसत, कारण वस्तीपासून त्या दूर पडत. कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने येथील काही चाळी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या. पुढे चाळी भरल्या. कोकणातले आणि घाटावरचे लोक आपापल्या गावांच्या व जातींच्या गटांनी येथे वसले, आणि कोणती चाळ कोणाची हे क्रमांकावरून कळू लागले.

बाहेरच्या जगाला या चाळी ठाऊक आहेत त्या जानेवारी १९७४ मुळे. दलित पँथरच्या सभेनंतर उसळलेली दंगल आणि भागवत जाधव यांचे हौतात्म्य यांची नोंद इतिहासाने घेतली आहे, आणि ती घेतलीच पाहिजे. पण लढ्याचा इतिहास लिहिताना कामाचा इतिहास मागे राहिला. लढणारा माणूस सकाळी कोठे कामाला जात होता, त्याचा बाप आणि आजा कोठे जात होता, हे आपण लिहून ठेवले नाही.

आता महारकीकडे वळू. व्यवसाय या शब्दात एक गोष्ट गृहीत असते : माणूस तो करतो, त्याचे मोल घेतो आणि नको झाला तर सोडतो. महार वतनात यांतले काहीच नव्हते. वेशीवर पहारा, सरकारी टपाल व खजिना पोहोचविणे, अधिकाऱ्यांच्या घोड्यापुढे धावणे, सारा भरण्यासाठी लोकांना चावडीवर बोलावणे, मयताची वर्दी परगावी देणे, मेलेले जनावर ओढून नेणे, शेताच्या हद्दीच्या वादात साक्ष देणे, लाकडे फोडणे, ही सारी कामे त्यात येत. यांतली काही सरकारची आणि काही गावाची. मोबदला म्हणून हाडकी-हाडोळ्याची इनाम जमीन, जी पिढ्यांच्या वाटण्यांनी तुकडे तुकडे झालेली, आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते, जे देणे न देणे देणाऱ्याच्या मर्जीवर. येसकर, वेसकर, तराळ, राबता महार ही सारी नावे या कामांच्या वाटपाची आहेत. भावकीत पाळी लागत असे. ज्याच्या घराकडे पाळी, त्याने वर्षभर काठी हातात धरावयाची.

ही चाकरी १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने बांधलेली होती. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी तिचे स्वरूप सविस्तर उघड केले होते. महाराला कामाचे तास नव्हते. दिवसा-रात्री केव्हाही बोलावणे येई. आणि बोलावणे एका माणसाला नसे, सबंध कुटुंबाला असे. कर्ता पुरुष घरी नसेल तर घरातील दुसऱ्या कोणीही हजर झाले पाहिजे. बलुत्याऐवजी रोख पैसा मिळावा आणि ज्याला वतन नको असेल त्याला त्यातून सुटण्याची वाट असावी, हा त्या विधेयकाचा गाभा होता. विरोधामुळे १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. वतन संपले ते १९५८ च्या मुंबई कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करण्याच्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, धम्मदीक्षेनंतरही जवळजवळ तीन वर्षांनी.

कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्याने ही तारीख नीट ध्यानात ठेवावी, कारण तिच्यामुळे कागदांतील एक मोठे कोडे सुटते. मुंबईच्या कागदांत जो माणूस १९३५ साली गिरणीकामगार आहे, तोच गावच्या दुमाला जमिनींच्या नोंदवहीत महार वतनदार म्हणून दिसतो. नवख्या संशोधकाला वाटते की नावात घोटाळा झाला किंवा एकाच नावाची दोन माणसे होती. तसे नसते. सारे कुटुंबच चाकरीला जबाबदार असल्यामुळे एक भाऊ मुंबईस निघाला की त्याच्या वाटणीची पाळी दुसऱ्या भावाच्या, चुलत्याच्या किंवा मागे राहिलेल्या बायकोच्या डोक्यावर येई. मुंबईहून जाणाऱ्या मनीऑर्डरीत पोराबाळांच्या खर्चाबरोबर या पाळीची भरपाईही असे. वरळीतल्या माणसाने महारकी सोडली हे खरे. पण ती सोडण्यासाठी गावी कोणीतरी ती धरून बसले होते, हेही तितकेच खरे. आपल्या घराण्याचा मुंबईकर पूर्वज आपल्याला आठवतो. मागे राहिलेल्या त्याच्या भावाचे नाव किती घरांत सांगता येईल? भावकीतील जमिनीच्या वादांची मुळेही कित्येकदा येथेच असतात. १९५९ नंतर वतनी जमीन नव्या शर्तीने पुन्हा देण्यात आली तेव्हा ज्याने चाकरी केली त्याचे म्हणणे एक आणि ज्याने पैसे पाठविले त्याचे दुसरे. हे वाद निव्वळ लोभाचे समजून मोडीत काढू नयेत. त्यांत दोन निरनिराळ्या कामांचा हिशेब मागितलेला असतो.

नाशिकजवळच्या ओझरचे दामोदर रुंजाजी जाधव यांची कहाणी या बाबतीत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. येसकरकीच्या पाळीवर असताना वाट्याला आलेला अपमान व मार त्यांनी मुकाट्याने घेतला नाही आणि ते पत्नीसह मुंबईस निघून आले. पुढे रेल्वेत आणि त्यानंतर पोर्ट ट्रस्टमध्ये त्यांनी नोकरी केली. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या अक्षरांत आठवणी लिहून ठेवल्या. त्यांचे चिरंजीव, अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक या वह्यांवर उभे आहे. येसकर, रेल्वे कामगार, गोदी कामगार, आणि त्याच माणसाचा मुलगा रिझर्व्ह बँकेत व पुढे पुणे विद्यापीठाचा कुलगुरू. या पुस्तकाचे साहित्यिक कौतुक भरपूर झाले. आम्हांला मात्र त्यामागची ती वही अधिक मोलाची वाटते. बापाने स्वतः लिहिलेला कामाचा इतिहास आपल्याकडे इतका विरळा आहे.

आणखी एक गंमत येथे नोंदवून ठेवतो. आपल्या लेखकांनी घराण्याचे आत्मवृत्त लिहावयास घेतले, तेव्हा ग्रंथाच्या मथळ्यावर त्यांनी सोडून दिलेल्या कामाचेच नाव घातले. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१), ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३). खरात तराळाचे पुत्र, वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि तरी पहिला शब्द तराळ. जो शब्द कचेरीच्या नोंदवहीत शिक्का म्हणून मारला गेला होता, तो त्यांनी आपल्या हाताने पुन्हा लिहिला.

वतनाच्या आधीचा किंवा त्याला समांतर जाणारा दुसरा टप्पा पलटणीचा. स्वतः बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींच्या आरंभीच सांगितले आहे, की कंपनी सरकारच्या अमलाच्या प्रारंभापासूनच आपल्या पूर्वजांनी वंशपरंपरागत काम सोडून कंपनीच्या फौजेत चाकरी धरली. आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी सुभेदार झाले, आणि तेथेच चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस आणि मग साताऱ्यास गेले. १९०१ च्या सुमारास रामजी बाबा खटाव तालुक्यात गोरेगाव येथे, दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकारने चालविलेल्या तलावाच्या खोदकामावर, खजिनदाराचे काम पाहत होते. वडिलांना भेटावयास निघालेल्या भीमराव, त्यांचे भाऊ व भाचे यांना मसूर स्थानकावरून पुढे गाडीवान मिळेना, ही कथा प्रत्येक उपासकाच्या घरी ठाऊक आहे. ती सांगताना आपण गाडीवानाविषयी बोलतो. पण बाप कोठे होता, काय करीत होता, याकडे पाहिले तर एक वेगळाच इतिहास दिसतो : सैनिक, शिक्षक आणि रोखपाल ही तीन कामे एका माणसाने एका आयुष्यात केली, आणि दुष्काळी कामावर सरकारी पैशाचा हिशेब त्याच्या हाती होता. गाडीवानाला यातले काही दिसले नाही. त्याला जात दिसली.

कोकणातील, विशेषतः रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील घराण्यांत पलटणीची स्मृती दाट आहे. दापोली ही लष्करी पेन्शनरांची वसाहतच होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी काढली आणि लेखणी हाती घेतली. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी तथाकथित लढाऊ जातींचे धोरण पुढे करून महारांची सैन्यभरती बंद झाली. तिच्याविरुद्ध वलंगकरांनी विनंतीपत्र लिहिले, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध सरताच १९२१ मध्ये मोडलीही गेली. महार रेजिमेंट कायमची स्थापन झाली ती १९४१ साली.

कुटुंबांच्या कागदांत या बंदीचा परिणाम असा दिसतो, की व्यवसायबदल उलट दिशेनेही झाला. हवालदाराचा किंवा नाईकाचा नातू पुन्हा येसकरकीच्या पाळीवर आलेला दिसतो. लिहिता वाचता येणाऱ्या आजोबाच्या पोटी निरक्षर नातू दिसतो, कारण सैन्यातील मुलांना मिळणारे सक्तीचे शिक्षण भरती थांबताच थांबले. इतिहास पुढेच जातो असे मानणाऱ्यांनी या पिढीकडे पाहावे. वरळीच्या चाळींत प्रथम आलेली माणसे पुष्कळशी याच पिढीची. त्यांनी महारकी सोडून गिरणी धरली असे आपण म्हणतो. त्यांतल्या कित्येकांच्या बाबतीत ते गेलेले परत मिळविण्यासाठी निघाले होते असे म्हणणे अधिक अचूक होईल.

पलटणीच्या दाव्याची पारख कशी करावी, हेही सांगणे अगत्याचे आहे. कारण आजोबा पलटणीत होते हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. पहिल्या महायुद्धाचे पदक घरात असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर ते मिळविणाऱ्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पथक कोरलेले असते. दुसरे, धातू पाहावा. लढणाऱ्या शिपायाचे पदक चांदीचे असे. मजूर तुकड्यांतील माणसांना तेच पदक काशाचे देण्यात आले. काशाचे पदक निघाले म्हणून कोणी लाजू नये किंवा ते लपवू नये. परक्या देशात रस्ते बांधणाऱ्याचा आणि माल वाहणाऱ्याचा तो पुरावा आहे, आणि असे पुरावे चांदीच्या पदकांहून कमी जपले गेले आहेत. नावही नीट पाहावे. जुन्या कागदांत ‘नाक’ हा प्रत्यय येतो, कोरेगावच्या स्तंभावरील नावांतही तो आहे. मुंबईस आल्यावर, गिरणीच्या तिकिटावर किंवा पोराच्या शाळेच्या नोंदवहीत तो गळतो आणि गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव तयार होते. हा बदल कोणत्या वर्षी झाला ते सापडले, तर बहुधा कामही त्याच सुमारास बदललेले असते.

गिरणीच्या तिकिटावर आणखी एक गोष्ट वाचावयास शिकले पाहिजे, ती म्हणजे खात्याचे नाव. गिरणीत काम मिळाले याचा अर्थ गिरणीतील प्रत्येक काम मिळाले असा नव्हता. आपल्या माणसांची तिकिटे ब्लोरूमची, कार्डिंगची, रिंगची, थ्रॉसलची निघतात. साचेखात्याचे, म्हणजे विणाईचे, तिकीट जुन्या काळात निघत नाही. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे स्पृश्य कामगारांचे म्हणणे होते. आणि साचेखात्यात मजुरी अधिक होती. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवली आणि अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम मिळाले पाहिजे ही मागणी संपाच्या मागण्यांत घालण्याचा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती नाखुषीने घातली. मालकांनी त्यावर उत्तर दिले की हा अन्याय असेल, पण तो आमचा नाही. मालकांच्या मुखातून सत्य निघण्याचे प्रसंग थोडे. त्यांतला हा एक. वाफेवर आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्यात, जेथे यंत्राला जात कळत नाही, तेथे सुताच्या एका टोकाने गावची वेस पुन्हा उभी केली. जातिव्यवस्था ही कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी करते, हा १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मधील बाबासाहेबांचा सिद्धांत येथे गिरणीच्या तिकिटावर छापलेला आहे.

म्हणून गोदी आणि रेल्वे यांकडे आपले लोक का वळले, हे समजते. तेथे तोंडाने ओढावयाचा धोटा नव्हता. कारखान्यात खलाशी, लोहमार्गावर गँगमन, गोदीत माल उचलणारा, ही कामे कष्टाची होती, पण सरकारी किंवा निमसरकारी असल्यामुळे नोकरीची नोंद राहत होती, निवृत्तीनंतर काही मिळत होते आणि वारसाला कामावर लावण्याची आशा असे. याच नोंदी आज आपल्या हाती लागतात. गिरण्यांचे तसे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या. गिरणीत हजेरीपट होते. आज कामगाराच्या घरातील तिकीट हाच बहुधा त्याच्या तीस वर्षांच्या कामाचा उरलेला पुरावा आहे.

स्त्रियांच्या कामाविषयी कागद जवळजवळ मुके आहेत, आणि येथे संशोधकाला कागद बाजूस ठेवून विचारपूस करावी लागते. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत स्त्रिया होत्या, त्यांची तिकिटे क्वचित मिळतात. परंतु चिंध्या व कागद गोळा करणे, कोळसा वेचणे, बांधकामावर पाट्या वाहणे, चाळीतल्या एकट्या पुरुषांना जेवण घालणे, या कामांचा दाखला कोण देणार? बाळंतपणाच्या रजेसाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात भाषण केले आणि १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा आला, तो कारखान्यातील स्त्रीसाठी होता. कोळसा वेचणारी त्यात बसत नव्हती. ‘आयदान’ या नावाकडे पुन्हा पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. आयदान म्हणजे बांबूची भांडी-टोपल्या. ऊर्मिलाताईंचे वडील शिक्षक होते. घराण्याच्या व्यवसायबदलाचा कागदी इतिहास लिहिला तर शिक्षकाच्या घरात कारकून लेक असा दोन ओळींत संपेल. आई आयुष्यभर बांबू विणीत होती आणि त्या विणकामावर मुले शिकली, हे त्या दोन ओळींत कोठेच येणार नाही. तेव्हा आजोबांचे काम विचारून झाल्यावर आजीचे काम निराळे विचारावे. ‘ती घरीच होती’ हे उत्तर पहिल्या वेळी स्वीकारू नये.

या साऱ्या शोधात धम्माच्या अभ्यासकाला सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त आठवल्याशिवाय राहत नाही. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण, माणूस जन्माने श्रेष्ठ ठरतो की आचरणाने, हा वाद घेऊन भगवंतांकडे येतात. भगवंत त्यांना गवत, वृक्ष, कीटक, पक्षी, पशू यांच्यातील जन्मजात भेद दाखवितात आणि माणसांत असा भेद सापडत नाही हे सांगतात. मग ते माणसांची नावे कामावरून देतात : गाई राखून जगणारा शेतकरी, नाना कला करून जगणारा कारागीर, परक्याची सेवा करणारा सेवक, धनुष्यावर जगणारा योद्धा. एका माणसाने काम बदलले की या गणनेत त्याचे नाव बदलते. रामजी बाबा या गणनेत योद्धे, मग आचार्य, मग हिशेबनीस. गावच्या नोंदवहीत, शाळेच्या दाखल्यात आणि जनगणनेत ते आयुष्यभर एकाच शब्दाने लिहिले जाणार. दोन हजारांहून अधिक वर्षांच्या अंतरावर असलेल्या या दोन पद्धतींपैकी वस्तुस्थितीशी जुळणारी कोणती, हे पेटीतील कागद दाखवितात.

आणि तरी एक पेच उरतो. तो नाकारून चालणार नाही. १९५६ नंतर आपण जुने नाव टाकले. शाळेच्या दाखल्यावर बौद्ध लिहिले गेले. पण अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, पूर्वजाची जुनी जात दाखविणारा पुरावा मागितला जातो. महाराष्ट्रात धर्मांतरित बौद्धांना सवलती आधी मिळाल्या, केंद्रात त्या १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. दोन्हीकडे कागद मात्र तोच लागतो. जो शब्द टाकावयाचा म्हणून आजोबांनी गाव सोडले, काम सोडले, शेवटी धर्मही सोडला, तोच शब्द नातवाला तालुक्याच्या अभिलेखागारातून नक्कल काढून जपून ठेवावा लागतो. कोतवाल बुकाची किंवा गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची नोंद मिळाली की घरात पेढे वाटले जातात, हे पाहून एखाद्याला हसू येईल. आम्हांला येत नाही. त्या नोंदीत जातीपलीकडेही माहिती असते : जन्माच्या वेळी बाप गावात होता की मुंबईस, वर्दी कोणी दिली. लोक जातीची ओळ अधोरेखित करून घेतात आणि बाकीचे वाचीत नाहीत. पडताळणी समितीपुढे एवढी ओळ पुरते, कुटुंबाच्या इतिहासाला ती पुरत नाही.

चाळीतून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना म्हणून आमची विनंती आहे, की पात्रतेच्या फाईलमध्ये जे कागद गेले नाहीत ते रद्दीत घालण्यापूर्वी एका वहीत त्यांची नोंद करावी. प्रत्येक माणसाच्या नावापुढे जातीऐवजी काम लिहावे, सालासह, खात्यासह, आणि ते काम का सोडले हेही. गावी गेल्यास तलाठ्याकडून सात-बाराबरोबर जुने फेरफारही मागावेत. वतनी जमीन कोणाच्या नावे पुन्हा लागली हे त्यांत दिसते. आणि कागदांच्या आधी माणसांकडे जावे. १ ऑगस्ट १९५९ ला ज्याचे वय दहा-बारा वर्षांचे होते, त्याने शेवटच्या येसकराला काठी घेऊन चावडीकडे जाताना पाहिलेले असते. तो माणूस आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. त्याला एवढेच विचारावे : ते शेवटचे वर्ष आपल्या भावकीत पाळी कोणाकडे होती, आणि काठी खाली ठेवल्यावर तो दुसऱ्या दिवशी कोणत्या कामाला गेला?